थांबवणं आणि पुढे जाऊ देणं

प्रोसेसरला आपल्या प्रोग्रामची ओळ माहीत नसते. फंक्शनचं नाव, व्हेरिएबलचं नाव, मध्येच लिहून ठेवलेली कॉमेंट, यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नसतं. मेमरीतल्या एका पत्त्यावरचे बाइट उचलायचे, त्यांचा अर्थ लावायचा, सांगितलेलं काम करायचं आणि पुढच्या पत्त्याकडे वळायचं, एवढंच तो सेकंदाला अब्जावधी वेळा करत असतो. आपण मात्र डिबगरला सांगतो, ‘४७व्या ओळीवर थांब’, आणि प्रोग्राम नेमका तिथेच थांबतो. व्हेरिएबलच्या किमती पाहता येतात, कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती साखळी पाहता येते, आणि ‘चल पुढे’ म्हटलं की प्रोग्राम मध्ये काही घडलंच नाही अशा रीतीने चालू लागतो.

यातला शेवटचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. चालत्या प्रोग्रामला थांबवणं तसं सोपं आहे. त्याच्या मेमरीत हात घालून त्याला थांबवायचं, आणि मग ती ढवळाढवळ त्याला, शेजारच्या थ्रेडला, त्याच्यापासून जन्मलेल्या प्रोसेसला आणि खुद्द डिबगर वापरणाऱ्या माणसालाही जाणवू न देता त्याला पुढे सोडायचं, यात डिबगर लिहिणाऱ्यांचं कसब पणाला लागतं. ब्रेकपॉइंट, वॉचपॉइंट आणि घटना पकडणारे कॅचपॉइंट या तिन्हींबद्दल पुढच्या प्रकरणांत जे काही येईल, ते याच एका अडचणीभोवती फिरेल.

उदाहरणासाठी या पुस्तकात जीडीबी हा डिबगर, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि इंटेल-एएमडीचा ६४ बिटी प्रोसेसर घेतला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी जीडीबी १९८६ साली लिहिला. त्याचा आणि लिनक्सचा सोर्स कोड खुला असल्यामुळे इथे सांगितलेली प्रत्येक गोष्ट वाचकाला स्वतः तपासून घेता येते. कॉलेजात आपण एडिटरच्या डाव्या कडेला क्लिक करून लाल ठिपका उमटवायला शिकतो, आणि बहुतेकांचं शिक्षण तिथेच थांबतं. एक दिवस तो ठिपका भलत्याच ओळीवर सरकतो, किंवा लावूनही प्रोग्राम थांबत नाही, किंवा वॉचपॉइंट लावताच दोन सेकंदांचं काम तासभर रेंगाळतं. आत काय चालतं हे माहीत नसलेला माणूस अशा वेळी हताश होऊन जागोजागी प्रिंटएफ लिहू लागतो. प्रिंटएफला माझा विरोध नाही. पण नाइलाजाने त्याच्याकडे वळावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

ही गरज संगणकाइतकीच जुनी आहे. एनिॲक या यंत्रावर सुरुवातीला प्रोग्राम म्हणजे तारांची जोडणी होती. हवी तिथली तार काढून ठेवायची आणि गणित त्या जागी थांबवायचं, या युक्तीचं श्रेय तिथल्या प्रोग्रामर बेटी होल्बर्टन यांना दिलं जातं. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर काम करणाऱ्या स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, एका प्रोग्रामच्या देखरेखीखाली दुसऱ्या प्रोग्रामची एकेक आज्ञा चालवून चूक शोधायची रीत मांडली. १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये पीट्रेस नावाचा सिस्टिम कॉल होता: एका प्रोसेसने दुसऱ्याची मेमरी आणि रजिस्टर वाचायची, बदलायची, त्याला थांबवायचं, चालवायचं. लिनक्सवरचा जीडीबी आजही प्रामुख्याने त्याच नावाच्या कॉलवर उभा आहे.

आता ब्रेकपॉइंटकडे येऊ. ४७व्या ओळीपासून तयार झालेल्या यंत्रभाषेतल्या पहिल्या आज्ञेचा पत्ता डिबगर शोधून काढतो. त्या पत्त्यावरचा एक बाइट वाचून स्वतःजवळ जपून ठेवतो आणि त्याच्या जागी हेक्साडेसिमलमध्ये सीसी, म्हणजे दशमानात २०४, हा बाइट लिहितो. लिनक्सचं पीट्रेस एका वेळी एक पूर्ण शब्द वाचतं आणि लिहितं, त्यामुळे ६४ बिटी यंत्रावर प्रत्यक्षात आठ बाइट वाचले जातात, त्यांतला एक बदलला जातो आणि आठही परत लिहिले जातात. सीसी या बाइटचा अर्थ प्रोसेसरच्या लेखी ठरलेला आहे: काम सोडून तीन क्रमांकाचा अपवाद उठव. तो उठला की ताबा कर्नलकडे जातो, कर्नल त्या थ्रेडला सिगट्रॅप हा सिग्नल देऊ पाहतो, पण त्या थ्रेडवर कोणीतरी लक्ष ठेवून आहे असं दिसताच सिग्नल पोहोचवण्याऐवजी थ्रेडला थांबवून ठेवतो आणि डिबगरला जागं करतो. डिबगर तोवर वेट या कॉलमध्ये स्वस्थ बसलेला असतो. प्रोग्राम ब्रेकपॉइंटपाशी येईपर्यंत तो एकही आज्ञा खर्च करत नाही. म्हणूनच साधा ब्रेकपॉइंट लावलेला प्रोग्राम एरवी पूर्ण वेगाने पळतो.

ही आज्ञा एकाच बाइटची असण्याला मोठं कारण आहे. १९७८ सालच्या ८०८६ प्रोसेसरपासून ‘इंट’ ही आज्ञा आहे. ती साधारणपणे दोन बाइटची असते: एक आज्ञेचा, दुसरा क्रमांकाचा. फक्त तीन क्रमांकासाठी इंटेलने एका बाइटचं वेगळं रूप दिलं. या कुळातल्या आज्ञांची लांबी एक बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत असते. एक बाइटच्या आज्ञेवर दोन बाइटचा ब्रेकपॉइंट लिहिला, तर पुढच्या आज्ञेचा पहिला बाइट पुसला जाईल. प्रोग्राम सरळ रेषेत आला तर हे खपून जाईल, कारण तो आधी थांबेल आणि डिबगर डागडुजी करेल. पण दुसरीकडून उडी मारून कोणी थेट त्या पुढच्या आज्ञेवर आलं, तर त्याच्या हाती मोडलेली आज्ञा पडेल आणि डिबगरला पत्ताही लागणार नाही. सर्वांत लहान आज्ञेच्या जागेत मावणारी आज्ञा हवी, ती याच कारणाने. एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरवर सगळ्याच आज्ञा चार बाइटच्या असल्यामुळे ही चिंता उरत नाही. तिथली ब्रेकपॉइंटची आज्ञाही चार बाइटची आहे.

इथे एक शंका यायला हवी. सी लायब्ररीतल्या प्रिंटएफवर मी ब्रेकपॉइंट लावला. त्या लायब्ररीचं पान मेमरीत एकदाच असतं आणि यंत्रावरचे शेकडो प्रोसेस तेच वापरतात. मग बाकीचे सगळे का थांबत नाहीत? कारण पीट्रेसने लिहिताच कर्नल त्या पानाची वेगळी प्रत काढतो आणि ती फक्त आपल्या प्रोसेसला देतो. डिस्कवरची फाइलही तशीच राहते आणि शेजाऱ्यांचं पानही. तुमच्याच प्रोसेसचं म्हणाल, तर जीडीबी आणखी एक काळजी घेतो. तुम्ही त्या पत्त्यावरची मेमरी पाहायला मागितली, की तो सीसी दाखवत नाही, जपून ठेवलेला मूळ बाइट दाखवतो. शिवाय प्रोग्राम थांबला की तो आपले सगळे ब्रेकपॉइंट मेमरीतून काढून घेतो आणि पुढे सोडताना पुन्हा बसवतो. मधल्या काळात जीडीबीच बंद पडला, तरी प्रोग्रामच्या पोटात सुरुंग राहू नयेत म्हणून.

ओळीवरून पत्ता कसा मिळतो, हे थोडक्यात सांगतो. कंपायलर मागितल्यावर ड्वॉर्फ नावाच्या ठरीव स्वरूपात एक तक्ता लिहून ठेवतो: अमुक पत्ता, तमुक फाइल, अमकी ओळ. रिकाम्या ओळीवर लावलेला ठिपका खाली सरकतो, कारण त्या ओळीचा पत्ताच तक्त्यात नसतो. फंक्शनच्या नावावर लावलेला ब्रेकपॉइंट पहिल्या आज्ञेवर न बसता थोडा पुढे बसतो, कारण सुरुवातीच्या काही आज्ञा स्टॅकची मांडामांड करत असतात आणि ती होईपर्यंत तुम्हाला पाहायचे आर्ग्युमेंट आपापल्या जागी आलेले नसतात. आणि एकाच ओळीचे अनेक पत्तेही असू शकतात. सी++ मधलं टेम्प्लेट चार प्रकारांसाठी वापरलं, तर त्या ओळीची चार वेगवेगळी रूपं प्रोग्राममध्ये असतात. जीडीबी ते सगळे पत्ते एका ब्रेकपॉइंटखाली धरतो आणि १.१, १.२ असे क्रमांक देतो.

प्रोग्राम थांबला. आता पुढे सोडायचं आहे, आणि खरी पंचाईत इथे सुरू होते. सीसी चालून गेल्यामुळे प्रोसेसरचा आज्ञा-दर्शक एक बाइट पुढे सरकलेला असतो. डिबगर तो एकने मागे आणतो. त्या जागी पुन्हा सीसीच असेल, तर प्रोग्राम जागच्या जागी थांबत राहील. म्हणून मूळ बाइट परत लिहायचा, प्रोसेसरला फक्त एकच आज्ञा चालवून थांबायला सांगायचं, मग सीसी पुन्हा बसवायचा आणि मोकळं सोडायचं. एकच आज्ञा चालवण्याची सोय फ्लॅग रजिस्टरमधल्या ट्रॅप फ्लॅग या बिटमध्ये आहे. एकच थ्रेड असेल तर काम झालं.

अनेक थ्रेड असतील, तर मूळ बाइट परत लिहिलेल्या त्या क्षणभरात दुसरा एखादा थ्रेड त्याच जागेवरून बिनबोभाट निघून जाऊ शकतो. तुम्ही ब्रेकपॉइंट लावला आहे, थ्रेड त्यावरून गेला आहे आणि डिबगरला कळलेलं नाही. डिबगरने केलेली याहून मोठी फसवणूक मला सुचत नाही, कारण तुम्ही ‘इथे कोणी आलंच नाही’ असा निष्कर्ष काढून भलतीकडे शोधत बसता. एक उपाय असा, की ती एक आज्ञा चालेपर्यंत बाकीच्या सगळ्या थ्रेडना थांबवून धरायचं. दुसरा जास्त देखणा आहे: मूळ आज्ञेची नक्कल प्रोग्रामच्या मेमरीत दुसऱ्याच जागी मांडायची आणि आपल्या थ्रेडकडून ती तिथे चालवून घ्यायची. मूळ जागचा सीसी हलवावाच लागत नाही. मात्र आज्ञा ‘इथून इतके बाइट पुढे जा’ अशा स्वरूपाची असेल, तर जागा बदलल्यामुळे तिचा अर्थ बदलतो, आणि डिबगरला आधी किंवा नंतर हिशेब दुरुस्त करावा लागतो. प्रोसेसरच्या प्रत्येक कुळासाठी हा हिशेब वेगळा लिहावा लागतो. या विषयावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि ते घाईने वाचू नये.

रोजच्या वापरातल्या ‘नेक्स्ट’ आणि ‘फिनिश’ या कमांडही आतून ब्रेकपॉइंटच वापरतात. ‘फिनिश’ म्हणजे चालू फंक्शन जिथे परतणार त्या पत्त्यावर एक तात्पुरता, तुम्हाला न दिसणारा ब्रेकपॉइंट. ‘नेक्स्ट’ करताना वाटेत फंक्शन लागलं तरी तीच युक्ती. फक्त फंक्शन स्वतःलाच बोलावणारं असेल, तर तो पत्ता आतल्या खोलीवरच्या फेरीतही लागू शकतो. म्हणून डिबगर पत्त्याबरोबर स्टॅकवरची चौकटही ताडून पाहतो. ज्या फेरीतून तुम्ही निघालात तीच ही आहे का, हे पाहतो, आणि नसेल तर गुपचूप पुढे सोडतो. ‘आय ९०० झाला तरच थांब’ अशा अटीच्या ब्रेकपॉइंटमध्येही प्रोग्राम प्रत्येक वेळी खरोखर थांबतो, डिबगर अट तपासतो आणि खोटी निघाली तर सोडून देतो. लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये अशी अट लावली की मंदपणा कुठून येतो, हे आता वेगळं सांगायला नको.

वॉचपॉइंटचा प्रश्न उलटा असतो. तिथे जागा माहीत नसते, बळी माहीत असतो. एका स्ट्रक्चरमधली ‘एकूण’ ही किंमत ४० असायला हवी आणि ती कधीतरी शून्य होते. तिला हात लावणारी प्रत्येक ओळ तुम्ही तपासली आहे. तिथे चूक नाही. बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी ॲरेची हद्द ओलांडून कोणीतरी इथे लिहितंय. सी आणि सी++ लिहिणाऱ्यांचे आठवडे खाणाऱ्या चुका या जातीच्या असतात, आणि त्यांच्यावर वॉचपॉइंटइतकं नेमकं हत्यार मी पाहिलेलं नाही.

ते चालवण्याचा पहिला मार्ग कष्टाचा आहे. प्रोग्राम एकेक आज्ञा चालवायचा आणि प्रत्येक आज्ञेनंतर ‘एकूण’ बदलली का ते पाहायचं. तांदूळ निवडताना प्रत्येक दाणा बोटाखालून घालावा, तसं. दर आज्ञेमागे कर्नलमार्फत डिबगरकडे आणि परत, अशी फेरी होते. यामुळे प्रोग्राम शेकडो पट मंद होतो, असा इशारा जीडीबीच्या माहितीपुस्तिकेतच आहे. शिवाय या रीतीने एकाच थ्रेडवर भरवशाची नजर ठेवता येते. दुसऱ्या थ्रेडने केलेला बदल निसटू शकतो.

दुसरा मार्ग १९८५ साली ८०३८६ प्रोसेसरबरोबर आला. त्यात इंटेलने डिबग रजिस्टर दिले. डीआर० ते डीआर३ या चार रजिस्टरांत चार पत्ते लिहायचे. डीआर७ मध्ये प्रत्येकाची लांबी आणि प्रकार लिहायचा: आज्ञा चालवली तर थांब, लिहिलं तर थांब, वाचलं किंवा लिहिलं तर थांब. कोणत्या पत्त्यामुळे थांबलो, ते डीआर६ सांगतो. पत्ता जुळतो का हे चिपमधलं तुलना-मंडल प्रत्येक वेळी पाहतं, त्यामुळे प्रोग्राम पूर्ण वेगाने चालतो. ज्याने ‘हार्डवेअर वॉचपॉइंट’ ही अक्षरं पडद्यावर उमटताना पाहिली आणि काही सेकंदांत गुन्हेगार ओळ हाती लागलेली पाहिली, त्याला या चार रजिस्टरांबद्दल माझ्याइतकीच कृतज्ञता वाटेल.

पण ते रजिस्टर चारच आहेत. प्रत्येकाखाली जास्तीत जास्त आठ बाइट, तेही आपल्या लांबीच्या पटीतल्या पत्त्यावर. म्हणजे एकूण ३२ बाइट. शंभर बाइटच्या ॲरेवर हार्डवेअरचा पहारा बसत नाही. तुम्ही पॉइंटरच्या साखळीतून जाणारी अभिव्यक्ती दिली, तर वाटेतला पॉइंटर बदलला तरी अभिव्यक्तीची किंमत बदलते, म्हणून डिबगर प्रत्येक कडीवर पहारा बसवतो आणि रजिस्टर भराभर संपतात. एका ठरावीक जागेवरच नजर हवी असेल, तर ‘वॉच’ला ‘लोकेशन’ हा पर्याय जोडावा; कमांडची ही छोटी खुबी बऱ्याच अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते. फक्त वाचल्यावर थांबायची सोय या प्रोसेसरमध्ये नाही. जीडीबी वाचन-लेखन दोन्हींवर पहारा बसवतो आणि किंमत बदललेली दिसली तर ते लेखन होतं असं समजून सोडून देतो. आणि लेखनाचा अपवाद लेखन होऊन गेल्यावर उठतो. म्हणून जीडीबी जुनी आणि नवी अशा दोन्ही किमती दाखवतो, आणि आज्ञा-दर्शक गुन्ह्याच्या जागेच्या एक आज्ञा पुढे असतो. कधी कधी ती पुढची आज्ञा पुढच्या ओळीतली असते. दोषी ओळ तिच्या वर शोधावी.

लोकल व्हेरिएबलवर लावलेल्या वॉचपॉइंटला आणखी एक धोका असतो. फंक्शन संपलं की स्टॅकवरची ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते, आणि पहारा भलत्याच घरावर बसलेला राहतो. यासाठी जीडीबी बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये, परतीच्या पत्त्यावर, आणखी एक अदृश्य ब्रेकपॉइंट लावतो. तो लागला की वॉचपॉइंट काढून टाकतो आणि तसं सांगतो. डिबग रजिस्टर लिनक्समध्ये प्रत्येक थ्रेडचे वेगळे धरले जातात, त्यामुळे नवा थ्रेड जन्मला की त्याच्याही रजिस्टरांत तेच पत्ते भरावे लागतात. आणि सामायिक मेमरीतून दुसऱ्याच प्रोसेसने तिथे लिहिलं, तर आपला वॉचपॉइंट गप्प बसतो. किंमत बदललेली दिसते, पण बदलताना कोणी दिसत नाही. असं घडलं की बाहेरच्याचा संशय घ्यावा.

या यंत्रणेचे तपशील किती नाजूक आहेत, हे मे २०१८मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. स्टॅक सेगमेंट रजिस्टर बदलणाऱ्या आज्ञेनंतर डिबगचा अपवाद एका आज्ञेपुरता लांबतो. ती पुढची आज्ञाच कर्नलमध्ये शिरणारी असेल, तर अपवाद कर्नलच्या उंबरठ्यावर, अगदी बेसावध जागी उठतो. प्रोसेसरच्या माहितीपुस्तिकेतल्या या बारकाव्याचा पुरा अर्थ अनेकांनी ध्यानात घेतला नव्हता. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, फ्रीबीएसडी या सगळ्यांना एकाच वेळी दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

तिसरा प्रकार घटना पकडण्याचा. प्रोग्रामने नवा प्रोसेस जन्माला घातला, स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवला, एखादा सिस्टिम कॉल केला, लायब्ररी लोड केली, सी++ चं एक्सेप्शन फेकलं, अशा क्षणी थांबायचं. यांतल्या काही घटना कर्नलच सांगतो. फोर्क, क्लोन आणि एक्झेक झाले की मला कळव, असं पीट्रेसला आधीच सांगून ठेवता येतं. सिस्टिम कॉलच्या बाबतीत कर्नल दोनदा थांबवतो, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. हा थांबा कोणता, याची आठवण डिबगरने स्वतः ठेवायची अशी पूर्वापार रीत आहे. २०१९ सालच्या लिनक्स ५.३ पासून ते कर्नललाच विचारायची सोय झाली. एसट्रेस हे साधनही याच पायावर उभं आहे.

बाकीच्या घटना कर्नलला ठाऊकच नसतात. एक्सेप्शन ही सी++ च्या लायब्ररीतली बाब आहे. ते पकडण्यासाठी जीडीबी लायब्ररीतल्या एक्सेप्शन फेकणाऱ्या फंक्शनपाशी ब्रेकपॉइंट लावतो. लायब्ररी लोड होण्याची गोष्ट तर फारच सुंदर आहे. लिनक्सच्या डायनॅमिक लिंकरमध्ये एक फंक्शन आहे, ज्याच्या पोटात काहीही नाही. लायब्ररींच्या यादीत बदल करताना लिंकर ते बोलावतो, ते काही न करता परततं. ते केवळ डिबगरसाठी ठेवलेलं आहे: इथे ब्रेकपॉइंट लाव, थांबलास की माझी यादी वाच. अजून लोड न झालेल्या लायब्ररीतल्या फंक्शनवर तुम्ही ब्रेकपॉइंट मागितला, की जीडीबी तो प्रलंबित ठेवतो आणि लायब्ररी येताच बसवतो, तो याच जुन्या समझोत्यामुळे. नव्या लिंकरमध्ये यासाठी जास्त तपशील देणाऱ्या खुणाही पेरलेल्या असतात.

फोर्ककडे मात्र नीट पाहायला हवं, कारण सगळी प्रकरणं तिथे एकत्र येतात. फोर्क झालं की मुलाला आईच्या मेमरीची हुबेहूब प्रत मिळते, आणि त्या प्रतीत डिबगरने लिहिलेले सीसीही असतात. तुम्हाला मुलात रस नाही म्हणून डिबगरने त्याला तसंच सोडून दिलं, तर पहिल्या ब्रेकपॉइंटपाशी अपवाद उठेल, लक्ष ठेवणारं कोणी नसल्यामुळे सिगट्रॅप थेट त्याच्यावर येईल आणि ते मूल मरेल. प्रोग्राम एरवी नीट चालतो आणि डिबगरखाली त्याची मुलं मरतात, याहून गोंधळात टाकणारं काय असेल? म्हणून तुम्ही फोर्क पकडायला सांगितलं नसलं तरी जीडीबी ते स्वतःसाठी पकडतो, मुलाच्या मेमरीतले सगळे ब्रेकपॉइंट पुसतो आणि मगच त्याला मोकळं करतो. व्हीफोर्कमध्ये पुन्हा उलटं: तिथे मूल काही काळ आईचीच मेमरी वापरतं, त्यामुळे मुलासाठी पुसलेले ब्रेकपॉइंट आईच्याही मेमरीतून जातात. मूल एक्झेक करेपर्यंत किंवा संपेपर्यंत थांबून ते परत बसवावे लागतात.

या सगळ्यांचा शेवट बहुतेक वेळा एकाच बातमीत होतो: थ्रेड सिगट्रॅपने थांबला. ब्रेकपॉइंट लागला, एक आज्ञा चालून झाली, वॉचपॉइंट लागला, प्रोग्रामच्या लेखकानेच कोडमध्ये इंट ३ लिहून ठेवली होती, की बाहेरून कोणी सिग्नल पाठवला? डिबगर आपला ब्रेकपॉइंटांचा तक्ता पाहतो, डीआर६ वाचतो, सिग्नलसोबत आलेली माहिती तपासतो आणि मग ठरवतो. दोन थ्रेड एकाच ब्रेकपॉइंटवर एकदमच येतात, पहिल्याची बातमी पाहून तुम्ही तो ब्रेकपॉइंट काढून टाकता, आणि दुसऱ्याची बातमी अजून रांगेतच असते. आता तक्त्यात त्या पत्त्याची नोंद नाही, पण त्या थ्रेडचा दर्शक एक बाइट पुढे गेलेला आहे. तो मागे आणला नाही, तर थ्रेड आज्ञेच्या मधल्या बाइटपासून चालू लागेल. जीडीबीच्या कोडमध्ये अशा प्रसंगांसाठी लिहिलेल्या लांबलचक कॉमेंट आहेत. त्या वाचाव्यात, त्यांत अनेक वर्षांचा अनुभव साठलेला आहे.

पुणे-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गाड्यांच्या नियंत्रकांसाठी कोड लिहिणाऱ्या वाचकांना इथे वेगळं काही अपेक्षित असेल. त्यांचा प्रोग्राम फ्लॅश मेमरीतून चालतो आणि तिथला एक बाइट सहज बदलून टाकता येत नाही. म्हणून सीसीसारखी युक्ती तिथे अपुरी पडते आणि ब्रेकपॉइंटही हार्डवेअरचेच लागतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये आज्ञांसाठी सहा तुलना-मंडलं असतात आणि डेटावरच्या पहाऱ्यासाठी जास्तीत जास्त चार. सातवा ब्रेकपॉइंट नाकारला जातो तो यामुळे. त्यांच्यासाठी शेवटून दुसरं प्रकरण आहे.

पुस्तक वाचताना लिनक्स असलेलं यंत्र, सी कंपायलर आणि जीडीबी जवळ असावेत. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला जीडीबी जोडताना परवानगी नाकारली गेली, तर गोंधळून जाऊ नका. अनेक लिनक्स वितरणांत सुरक्षेसाठी साध्या वापरकर्त्याच्या डिबगरला फक्त त्या डिबगरनेच सुरू केलेल्या प्रोसेसवर पीट्रेस वापरू देतात. जीडीबीतूनच प्रोग्राम सुरू केला की ही अडचण येत नाही.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करून ठेवा. सी मध्ये एक फंक्शन लिहा, मेनमधून त्याचा पत्ता बाइटच्या पॉइंटरमध्ये घ्या आणि तिथला पहिला बाइट छापा. फंक्शनला बोलावू मात्र नका. नुसतं चालवलं तर कंपायलरप्रमाणे बहुधा २४३ किंवा ८५ छापून येईल. मग जीडीबीखाली त्या फंक्शनच्या नावाआधी तारांकन देऊन ब्रेकपॉइंट लावा, म्हणजे सुरुवातीच्या मांडामांडीच्या आज्ञा न गाळता तो नेमका पहिल्या बाइटवर बसेल. दुसरा ब्रेकपॉइंट छापणाऱ्या ओळीच्या पुढच्या ओळीवर लावा आणि प्रोग्राम चालवा. या वेळी प्रोग्राम २०४ छापेल. तिथे थांबल्यावर जीडीबीला त्याच पत्त्यावरचा एक बाइट दाखवायला सांगा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्या दोन आकड्यांपासून होते.